शेती थांबते तेव्हा पेन्शनचे काय करायचे?

खरिपाच्या तोंडावर लातूर जिल्ह्यातल्या एका गावात सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता तपासण्याचे प्रात्यक्षिक घेतले होते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर घरचे बियाणे पेरायला हरकत नाही, एवढाच तो धडा. नंतर चहा होत असताना एक शेतकरी बाजूला येऊन म्हणाले, "मॅडम, बियाण्याचं नाही, दुसरंच विचारायचं होतं. औंदा रान खंडानं दिलंय. मी कंपनीत कामाला चाललोय. ते मानधनचं पेन्शन बंद करावं म्हणतोय. महिन्याला दीडशे जातात, आणि आता मी शेतकरी तरी कुठं राहिलो?" बंद करण्याचा अर्ज लिहून त्यांनी खिशातच ठेवला होता.

मी त्यांना वय विचारले. एक्केचाळीस. योजनेत कधी आलात, असे विचारले. २०१९ च्या शेवटी, पस्तिसाव्या वर्षी. मग म्हटले, तो अर्ज खिशातच राहू द्या, आधी हिशेब करू.

हा प्रश्न मला आता वरचेवर विचारला जातो. या पानावर मी एरवी तूर, सोयाबीन, हरभरा याबद्दल लिहिते, पण शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा विचार करायचा तर हे पीकही पाहायलाच हवे. नोकरदाराच्या निवृत्तीला तारीख असते, कार्यालय असते, कागद तयार करून देणारा कारकून असतो. शेतकऱ्याच्या बाबतीत यातले काहीच नसते. एका वर्षी गुडघे धरतात म्हणून बैलजोडी विकली जाते, पुढच्या वर्षी दोन एकर ठोक्याने दिले जातात, मग एक दिवस मुलगा म्हणतो, आता तुम्ही घरी बसा. शेती नेमकी कधी थांबली हे त्या माणसालाही सांगता येत नाही. आणि याच दोन-चार वर्षांत बँकेचे खाते बदलते, मोबाइलचा नंबर बदलतो, सातबाऱ्यावरचे नाव बदलते. इतकी वर्षे हप्ते भरून उभी केलेली पेन्शन या बदलांत तुटते आणि ते कळते साठीला.

आधी हिशेब, मग अर्ज

प्रधानमंत्री किसान मानधन योजना सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत लागवडीयोग्य जमीन असलेल्या, १८ ते ४० वयाच्या अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी ती आहे. आत येताना जे वय असेल त्यावर हप्ता ठरतो: १८ व्या वर्षी महिना ५५ रुपये, २९ व्या वर्षी १००, ३५ व्या वर्षी १५०, ४० व्या वर्षी २००. तुम्ही जेवढे भरता तेवढेच केंद्र सरकार भरते. पैसा एलआयसी सांभाळते. साठी पूर्ण झाली की महिना ३,००० रुपये सुरू होतात.

आता त्या शेतकऱ्याचा हिशेब मांडू. महिना १५० म्हणजे वर्षाला १,८००. पस्तीस ते साठ अशी पंचवीस वर्षे भरल्यास त्यांच्या खिशातून एकूण ४५,००० जातील. पेन्शन महिना ३,००० धरली तर हे पंचेचाळीस हजार पहिल्या पंधरा महिन्यांतच परत येतात. त्यापुढे जितकी वर्षे आयुष्य, तितकी वर्षे वरची मिळकत.

सहा वर्षांनी बंद केले तर काय? त्यांनी भरले १०,८००. दहा वर्षांच्या आत बाहेर पडणाऱ्याला स्वतःचा हिस्सा आणि त्यावर बचत खात्याच्या दराने व्याज एवढेच मिळते. सरकारने त्यांच्या नावावर भरलेले तेवढेच पैसे त्यांच्या हाती येत नाहीत. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर पण साठीच्या आत बाहेर पडल्यास स्वतःच्या हिश्श्यावर फंडाने प्रत्यक्ष मिळवलेले व्याज किंवा बचत खात्याचे व्याज, यातले जे जास्त असेल ते मिळते. त्याही वेळी सरकारचा हिस्सा मागेच राहतो.

खरा तोटा मात्र व्याजाचा नाही. ते आता एक्केचाळीस वर्षांचे आहेत. आज बाहेर पडले आणि दोन वर्षांनी कंपनीतले काम सुटून परत गावी आले, तर याच योजनेत पुन्हा येण्याचा रस्ता नाही, कारण दार चाळिशीला बंद होते. पंचवीस वर्षांचे झाड सहाव्या वर्षी उपटायचे आणि नवे लावायला जागाच नाही, अशातली गत. मी त्यांना एवढेच सांगितले, आणि त्यांनी अर्ज घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. फाडला नाही, हेही सांगायला हवे. घरी विचारून ठरवतो म्हणाले. ते बरोबरच आहे.

एक गोष्ट मनमोकळेपणाने लिहिते. ही ३,००० रुपयांची रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. पंचवीस वर्षांनी तिची किंमत आजच्या इतकी नसणार, आणि आजही तेवढ्यात किराणा आणि औषधे दोन्ही भागत नाहीत. म्हणून हिच्यावर एकटीवर म्हातारपण काढता येईल असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण महिना दीडशे रुपयांत, तेवढाच सरकारी हिस्सा जोडून, मरेपर्यंत मिळणारे उत्पन्न दुसरीकडे कुठे मिळते हेही पाहावे.

रान खंडाने दिले म्हणजे शेतकरी संपला का?

या प्रश्नावर गावोगाव गैरसमज आहे. मानधन योजनेतली पात्रता भूमी अभिलेखातील नावावर पाहिली जाते, म्हणजे सातबारा आणि आठ-अ वर तुमची जमीन किती हे पाहिले जाते. नांगर कोण धरतो, हे नाही. रान ठोक्याने, बटईने किंवा अर्धलीने दिले तरी मालकीच्या रकान्यातले नाव तसेच राहते. तेव्हा 'मी आता कसत नाही' म्हणून खाते बंद करण्याचे कारण नाही.

याची दुसरी बाजू अशी की जो माणूस खंडाने घेऊन खरोखर शेती करतो, पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याला या योजनेत प्रवेश नाही. ही मला खटकणारी गोष्ट आहे. त्याच्यासाठी पुढे सांगितलेली अटल पेन्शन योजना मोकळी आहे.

कंपनीतल्या नोकरीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. ईपीएफ, ईएसआय किंवा एनपीएसमध्ये असलेल्याला मानधन योजनेत नव्याने येता येत नाही. आधी शेतकरी म्हणून आलात आणि नंतर पगारातून पीएफ कापला जाऊ लागला, तर ही गोष्ट लपवू नका, पण घाईने पैसे काढण्याचा अर्जही देऊ नका. किसान पेन्शन खाते क्रमांक, ज्याला केपॅन म्हणतात, तो घालून लेखी कळवा आणि पुढे हप्ता कसा भरायचा, सरकारी हिस्सा चालू राहणार की नाही, याचे उत्तर लेखी घ्या. केंद्रावरच्या मुलाने तोंडी सांगितले म्हणून निर्णय घेतलेली दोन घरे मला माहीत आहेत. दोन्हींना नंतर पश्चात्ताप झाला.

हप्ता कुठून जातो, हे आधी पाहा

माझ्या अनुभवात पेन्शन तुटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. मानधन योजनेचा हप्ता दोन वाटांनी जाऊ शकतो. एक, तुमच्या बचत खात्यातून थेट कापून. दोन, पीएम किसान सन्मान निधीच्या पैशातून. नोंदणीच्या वेळी अनेकांनी दुसरी वाट निवडली, कारण खिशातून काही जात नाही असे वाटते. वर्षाला सहा हजार येतात, त्यातून जास्तीत जास्त २,४०० जातात, बाकीचे हातात पडतात. सोय चांगली आहे, पण तिचे दावे सन्मान निधीला बांधलेले आहे. सन्मान निधी अडला की पेन्शनचा हप्ताही अडतो.

आणि सन्मान निधी अडायला फार काही लागत नाही. ई-केवायसी राहिली, आधार बँक खात्याला जोडलेले नाही, जमिनीची माहिती पोर्टलवर जुळत नाही, एवढे पुरते. त्यातही शेती थांबवणाऱ्या घरांत हमखास घडणारी गोष्ट म्हणजे वाटणी. वडील हयातीत मुलांच्या नावे वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र करून देतात, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावरून वडिलांचे नाव कमी होते. नाव गेले की सन्मान निधीचा आधार गेला. मुलांना वाटते, आता आपल्याला मिळेल. पण या योजनेच्या नियमांत १ फेब्रुवारी २०१९ ही जमीनधारणेची तारीख ठरलेली आहे आणि त्यानंतरच्या बदलांत मूळ खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन वेगळी धरली आहे. हयातीत दिलेली जमीन त्यात बसत नाही. म्हणजे वडिलांचे गेले आणि मुलाचेही आले नाही, अशी अवस्था होते. महाराष्ट्रात नमो शेतकरी महासन्मान निधीही पीएम किसानच्याच यादीवर चालतो, त्यामुळे तोही सोबत जातो.

वाटणी करू नका असे मी म्हणत नाही. भावाभावांत वेळेवर वाटणी झालेली बरी, कोर्टातल्या तारखांपेक्षा तर नक्कीच. पण वाटणीपत्रावर सही करण्याच्या आधी तीन गोष्टी घरात बोलून घ्या. वडिलांच्या आणि आईच्या नावावर थोडे तरी क्षेत्र ठेवायचे का? कोणाकोणाचा पेन्शनचा हप्ता सन्मान निधीतून जातो? जात असेल तर फेरफार होण्याआधी तो बँक खात्यातून कापून घेण्याची नवी संमती दिली का? यातली तिसरी गोष्ट सीएससी केंद्रावर होण्यासारखी आहे, आणि तीच नेमकी राहून जाते.

जमीन विकली किंवा रस्त्यात, धरणात गेली तरीही हेच. मोबदल्याच्या धावपळीत दीडशे रुपयांच्या हप्त्याची आठवण कोणाला राहणार?

बँक खात्याबद्दलही एक सूचना. पीककर्ज फेडले, आता इथले खाते कशाला, म्हणून लोक शाखेत जाऊन खाते बंद करून येतात. पेन्शनचा हप्ता त्याच खात्याला जोडलेला होता हे सहा महिन्यांनी कळते. खाते बंद करण्याआधी पासबुकात मागच्या वर्षभराच्या नोंदी वाचा. महिन्याला ठरावीक तारखेला, ठरावीक लहान रक्कम वजा होत असेल तर ती कसली हे विचारा. १ मे २०२५ पासून महाराष्ट्रातल्या दोन ग्रामीण बँकांची एक बँक झाली आहे. ज्यांची खाती तिथे आहेत त्यांनी तर हप्ते सुरळीत जात आहेत का हे पासबुक भरून पाहावेच.

हप्ते थकले असतील तरी सगळे संपले असे समजू नका. मानधन योजनेत थकबाकी आणि त्यावर सरकारने ठरवलेला आकार एकत्र भरून खाते पुन्हा नियमित करता येते. थकबाकी जितकी लहान तितके ते सोपे.

अटल पेन्शन: ही शेतीला बांधलेली नाही

अटल पेन्शन योजना मे २०१५ मध्ये जाहीर झाली आणि १ जूनपासून लागू झाली. इथे जमीन पाहत नाहीत, धंदा पाहत नाहीत. १८ ते ४० वय आणि बचत खाते असले की पुरे. साठीनंतर १,००० ते ५,००० रुपयांपर्यंतची, तुम्ही निवडलेली पेन्शन मिळते आणि किमान तेवढी देण्याची हमी सरकारची आहे. तिसाव्या वर्षी आत येणाऱ्याला ५,००० च्या पेन्शनसाठी महिना ५७७ रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी तेच १,४५४ होतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना नव्याने प्रवेश नाही.

शेती सोडून नोकरी धरली, दुकान टाकले, रिक्षा घेतली, काहीही केले तरी हे खाते तसेच पुढे चालते. पीएफ कापला जात असला तरी चालते. म्हणून ज्यांना येत्या पाच-सात वर्षांत शेती सोडावी लागेल असे वाटते आणि वय चाळीसच्या आत आहे, त्यांना मी ही योजना आधी पाहायला सांगते.

शेतकऱ्यांची अडचण वेगळीच असते. हप्ता दरमहा, पैसा मात्र हंगामात. नोव्हेंबरात सोयाबीन विकले की खात्यात पैसे, आणि जून ते सप्टेंबर खाते कोरडे. चार महिने हप्ता परत जातो, मग सोयाबीनचे पैसे जमा होताच बँक सगळी थकबाकी एकदम वळती करते आणि शेतकरी शाखेत जाऊन भांडतो की माझे पैसे कुठे गेले. यावर उपाय साधा आहे: हप्ता सहामाही करून घ्या. वरच्याच उदाहरणात महिना ५७७ ऐवजी सहा महिन्यांना ३,४०५ जातात, म्हणजे वर्षाला थोडे कमीच पडतात. शेती सुटून महिन्याचा पगार सुरू झाला की पुन्हा मासिक करता येते.

उशिराचा दंडही लोक समजतात तेवढा मोठा नाही. थकलेल्या हप्त्याच्या दर शंभर रुपयांना महिन्याला एक रुपया. ५७७ च्या हप्त्याला महिन्याला सहा रुपये. हे वाचून निष्काळजी होऊ नका, पण दोन हप्ते बुडाले म्हणून घाबरून खाते बंद करू नका. हप्ते थांबल्यावर खात्यातून देखभालीचा खर्च मात्र वजा होत राहतो आणि शिल्लक शून्य झाली की खाते संपते. नुकतेच सुरू केलेले, कमी शिल्लक असलेले खाते असे लवकर रिकामे होते.

पूर्ण हप्ता झेपत नसेल तर पेन्शनची रक्कम कमी करून घ्या. वर्षातून एकदा हा बदल करता येतो. ५,००० ची २,००० केली तर खाते हलके होते पण जिवंत राहते. साठीच्या आत स्वतःहून बाहेर पडलात तर भरलेले पैसे आणि त्यावरचे प्रत्यक्ष उत्पन्न, खर्च वजा करून मिळते. सुरुवातीच्या काळात आलेल्या पात्र खातेदारांना सरकारने पाच वर्षे जो हिस्सा दिला होता, तो मिळत नाही. ज्यांनी २०१५-१६ मध्ये खाते उघडले त्यांनी हे लक्षात ठेवावे, त्यांचे खाते आता सर्वांत मोलाचे आहे.

कारखान्यात हंगामी काम करणाऱ्यांसाठी

ऊस पट्ट्यातल्या वाचकांसाठी हा भाग मुद्दाम थोडा लांब लिहिते. घरची दोन-तीन एकर शेती आणि साखर कारखान्यात हंगामी नोकरी अशी दुहेरी घडी अनेक घरांत असते. पीएफ कापला जातो, पण "आपण हंगामी, आपल्याला कसली पेन्शन" असे म्हणून नोकरी सुटली की लोक सगळा पैसा काढून घेतात.

ईपीएस-९५, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५, हिच्यात पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू होते. हंगामी आस्थापनेतल्या कामगाराला यात एक महत्त्वाची सवलत आहे. एखाद्या वर्षात प्रत्यक्ष काम बारा महिन्यांपेक्षा कमी भरले तरी ते पूर्ण वर्ष धरले जाते. पाच महिन्यांचा गळीत हंगाम केला तरी सेवेत एक वर्ष जमा. म्हणजे दहा हंगाम केलेला माणूस पेन्शनला पात्र ठरू शकतो, आणि आठ हंगामांनंतर पैसे काढून घेणारा दोन हंगामांसाठी ती गमावतो.

नोकरी सुटली आणि दहा वर्षे भरली नसतील, तर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येते. त्यात आतापर्यंतची सेवा नोंदलेली राहते आणि पुढे दुसरीकडे पीएफची नोकरी लागली की ती वर्षे त्यात मिळवली जातात. सेवेच्या शेवटी सहा महिने किंवा जास्त भरले तर ते पूर्ण वर्ष मोजतात.

आता ज्याने शेती सोडून उशिरा नोकरी धरली त्याचा हिशेब. ५८ मधून दहा वर्षे वजा केली की ४८ उरतात. अठ्ठेचाळिशीच्या आत पीएफची नोकरी सुरू झाली आणि सलग टिकली, तर ही पेन्शन हाताशी येऊ शकते. पेन्शन काढायचे सूत्र असे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पगार १५,००० धरला आणि सेवा दहा वर्षे, तर महिना सुमारे २,१४२ रुपये. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० आहे. ज्या शेतकऱ्याची गोष्ट वर सांगितली ते एक्केचाळिसाव्या वर्षी कंपनीत चालले आहेत, म्हणजे सतरा वर्षे हातात आहेत. पण ठेकेदाराकडे काम असेल तर पीएफ खरोखर भरला जातो का, हे पहिल्याच पगारापासून यूएएन क्रमांकावर पासबुक उघडून पाहा. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसणे आणि खात्यात जमा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चाळिशी उलटली असेल तर

वरच्या दोन्ही योजनांचे दार बंद झालेल्या, आणि आता पन्नाशी-साठीत असलेल्या शेतकऱ्यांचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. राज्य शासनाची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना त्यांच्यासाठी आहे. वय ६५ किंवा जास्त आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, या तिच्या मुख्य अटी. महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात.

या २१,००० च्या मर्यादेबद्दल माझे स्पष्ट मत आहे की ती आजच्या काळाला धरून नाही. मजुरीवर जगणारे घरही ती ओलांडते. पण नियम आहे तोवर त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. एवढे ध्यानात ठेवा की मानधन योजनेची ३,००० पेन्शन वर्षाला ३६,००० होते, म्हणजे ती घेणारा या मर्यादेत बसत नाही. दोन्ही एकत्र मिळतील असे धरून बेत करू नका. मुलगा वेगळा राहत असेल तर रेशनकार्ड खरोखर वेगळे आहे का, तेही वेळीच पाहावे, कारण उत्पन्न मोजताना कुटुंब कोणते धरायचे हा वाद तिथूनच सुरू होतो. अनुदान सुरू झाल्यावर हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटते योजनाच बंद झाली.

घरच्या बाईला काय माहीत असावे

हे शेवटी लिहीत असले तरी महत्त्वाने शेवटचे नाही. मानधन योजनेतला खातेदार साठीच्या आत वारला, किंवा कायमचा अपंग होऊन हप्ता भरू शकत नसेल, तर त्याच्या पत्नीला दोन वाटा असतात. एकतर हप्ते पुढे भरून खाते चालू ठेवायचे, नाहीतर भरलेले पैसे व्याजासह काढून घ्यायचे. पेन्शन सुरू झाल्यानंतर तो गेला तर पत्नीला निम्मी, म्हणजे महिना १,५०० मिळते. मुलांना मिळत नाही. अटल पेन्शनमध्ये पत्नीला तेवढीच पूर्ण पेन्शन मिळते आणि दोघांनंतर साठलेली रक्कम वारसदाराला जाते. ५,००० च्या पेन्शनला ती साडेआठ लाखांच्या आसपास आहे. खातेदार साठीच्या आत गेला तरी पत्नीला त्याची साठी भरेपर्यंतचे हप्ते भरून खाते पुढे नेता येते.

घरात मृत्यू झाल्यावर पहिल्या महिन्यात कोणीतरी शहाणा येतो आणि "सगळं मोकळं करून घ्या" म्हणून सांगतो. दहाव्या-तेराव्याचा खर्च समोर असतो, आणि दहा-बारा हजारांची रक्कम त्या घडीला मोठी वाटते. त्या आधीच घरातल्या बाईला एवढे माहीत असले पाहिजे की पैसे काढणे ही दोन वाटांपैकी एक आहे, एकमेव नाही. केपॅन किंवा प्रान क्रमांक असलेले कार्ड कुठे आहे, हप्ता कोणत्या बँकेतून जातो आणि वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे तिला आजच दाखवा. लग्नाआधी खाते उघडलेल्या कित्येक मुलांच्या कागदावर वारस म्हणून अजून आईचेच नाव आहे. लग्न झाल्यावर पत्नीची माहिती नोंदवायची राहूनच गेली आहे.

कृषी विभागातल्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांतल्या मित्रांना एक विनंती. मे महिन्यात बियाणे तपासणीसाठी गावात बसता, तेव्हा लोकांना पासबुक भरून आणायला सांगा. पंचेचाळीसच्या आतल्या ज्याच्या पासबुकात ५५ ते २०० रुपयांच्या मासिक नोंदी दिसत दिसत अचानक थांबलेल्या असतील, त्याला त्याच दिवशी सीएससी केंद्रावर पाठवा. चाळीस लोकांच्या बैठकीत दाणे मोजायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हेही होते.